एकाच प्रोग्रॅमचं इंटरनेट बंद कसं करायचं? सांगली-मिरजेतल्या दुकानांत, दवाखान्यांत आणि शाळांत विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डातली अडत दुकानं, मिरजेतले दवाखाने, विश्रामबागेतली डीटीपी सेंटरं आणि शाळांच्या संगणक खोल्या. इथली मशीन सांभाळताना एक मागणी सारखी कानावर येते: "नेट चालू राहू दे, फक्त ह्या एका प्रोग्रॅमला बाहेर जाऊ देऊ नको." हे करता येतं. बहुतेक वेळा काही विकतही घ्यावं लागत नाही, कारण सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असते. लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एखाद्या प्रोग्रॅमचं नेट तोडायची गरजच काय?

अडतीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये काय काय असतं ते बघा. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, बँक खाती, कुणाची किती उचल बाकी आहे, कोणत्या वाणाची हळद कोणत्या सौद्यात काय दराने गेली. पट्टी छापायला यातलं काहीच इंटरनेटवर जावं लागत नाही. तरीही अनेक प्रोग्रॅम चालू झाल्याबरोबर कुठल्यातरी सर्व्हरशी बोलायला लागतात. कधी नवी आवृत्ती आली का ते बघायला, कधी वापराची माहिती पाठवायला, कधी जाहिरात आणायला. नेमकं काय पाठवलं जातं, हे वापरणाऱ्याला दिसत नाही.

दुसरं कारण जुन्या मशीनचं. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरीही एखाद्या दवाखान्यात एक्स-रेच्या यंत्राला जोडलेला संगणक जुन्याच विंडोजवर चालतो, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. असा संगणक शक्यतो पूर्णच नेटपासून दूर ठेवावा. ते जमत नसेल, तर निदान त्यावरचा प्रत्येक प्रोग्रॅम बाहेर मोकाट जाणार नाही, एवढं तरी पाहावं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या प्रोग्रॅमचं बाहेर काम नाही, त्याला बाहेरची वाट मोकळी ठेवू नये. ती माहिती शेतकऱ्याची किंवा पेशंटची आहे, ती सांभाळणं आपल्याकडे आहे.

विंडोजमध्ये फायरवॉल आधीपासून चालूच असते ना?

असते. फायरवॉल म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी किंवा सोडणारी राखण. पण ती राखण एकाच बाजूची करते. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००४ पासून, फायरवॉल आपोआप चालू असते. त्या वेळी ती फक्त बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या अडवायची. आतून बाहेर जाणाऱ्यांवर नियम लावायची सोय व्हिस्टात आली. मात्र आजही मूळ मांडणी तीच आहे: आत येणारं अडवलेलं आणि बाहेर जाणारं सगळं मोकळं. मार्केट यार्डाच्या गेटवर आत येणारी प्रत्येक गाडी तपासायची आणि भरून बाहेर निघालेल्या गाडीला काहीच विचारायचं नाही, असा हा कारभार आहे. बाहेर जाणाऱ्यावर नियम लावायचा तर तो आपणच लिहावा लागतो.

राउटरवरच बंद केलं तर?

राउटरला प्रोग्रॅम दिसत नाही. अमुक संगणकावरून अमुक पत्त्याला पाकीट चाललंय, इतकंच त्याला कळतं. ते पाकीट ब्राउझरने पाठवलं की हिशेबाच्या प्रोग्रॅमने, हे फक्त त्या संगणकावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत असतं, कारण जोडणी उघडून द्यायचं काम तीच करते. म्हणून राउटरवर तुम्ही अख्खा संगणक तोडू शकता, एखादी वेबसाइट तोडू शकता, पण एक प्रोग्रॅम नाही. होस्ट्स फाइलमध्ये (वेबसाइटची नावं आणि त्यांचे आकडी पत्ते यांची संगणकातली यादी) नावं घालण्याची जुनी युक्तीही याच कारणाने अपुरी पडते. ती नाव अडवते, प्रोग्रॅम अडवत नाही. प्रोग्रॅम थेट आकडी पत्त्यावर गेला, तर होस्ट्स फाइल मध्ये येतच नाही.

विंडोजमध्ये नियम नेमका कसा करायचा?

स्टार्टमध्ये शोधून "विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी" उघडा. कंट्रोल पॅनेलमधली साधी खिडकी नव्हे, ही वेगळी आहे आणि तिला ॲडमिनचा अधिकार लागतो. डावीकडे आउटबाउंड रूल्स, उजवीकडे न्यू रूल. प्रकार प्रोग्रॅम निवडा, ब्राउज करून त्या प्रोग्रॅमची फाइल दाखवा, पुढे ब्लॉक द कनेक्शन, मग डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्हींवर खूण ठेवा.

शेवटी नाव विचारलं जातं. तिथे "रूल १" लिहू नका. "हिशेब प्रोग्रॅम बाहेर बंद, दिवाळीनंतर केला" असं काहीतरी लिहा. दोन वर्षांनी दुसराच माणूस मशीन बघायला येतो तेव्हा त्याला याचा उपयोग होतो.

फाइल दाखवताना डेस्कटॉपवरच्या चिन्हावर विसंबू नका. ते चिन्ह अनेकदा एक छोटा सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम उघडतं आणि खरं काम दुसरीच फाइल करते. प्रोग्रॅम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, त्याच्या ओळीवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन निवडा. जी फाइल समोर येईल तिच्यावर नियम लावा.

आमचा डेटा आतल्या खोलीतल्या मशीनवर आहे आणि पुढे दोन काउंटर आहेत. वरचा नियम लावला तर काउंटर बंद पडतील ना?

हो, पडू शकतात. सांगलीत हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण बहुतेक अडत दुकानांत एक मुख्य मशीन आणि दिवाणजींच्या समोर दोन-तीन मशीन अशीच मांडणी असते. वरचा नियम दुकानातलं नेटवर्क आणि इंटरनेट यांत फरक करत नाही, सगळंच अडवतो.

उपाय असा: नियम तोच ठेवायचा, पण तो कोणत्या पत्त्यांना लागू आहे ते सांगायचं. नियमाच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कोप नावाचं पान आहे. तिथे रिमोट आयपी ॲड्रेसमध्ये "दीज आयपी ॲड्रेसेस" निवडून टापू भरायचे. दुकानातली मशीन १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वापरतात. हे पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखलेले आहेत आणि इंटरनेटवर ते कधीच नसतात. म्हणून ते सोडून बाकीचं अडवायचं:

१.०.०.० ते ९.२५५.२५५.२५५
११.०.०.० ते १२६.२५५.२५५.२५५
१२८.०.०.० ते १७२.१५.२५५.२५५
१७२.३२.०.० ते १९२.१६७.२५५.२५५
१९२.१६९.०.० ते २२३.२५५.२५५.२५५

इथे बरेच लोक थांबतात आणि मग "नियम चालत नाही" म्हणतात. वरचे सगळे पत्ते आयपीव्ही ४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे आहेत. आपल्याकडच्या मोबाईल नेटवर आणि अनेक फायबर जोडण्यांवर आता आयपीव्ही ६ ही नवी पद्धत चालू असते, आणि तिथे जाणाऱ्या वाटेला या पाचांपैकी एकही ओळ लागत नाही. म्हणून सहावी ओळ हवीच: २०००::/३. इंटरनेटवरचे आजचे सगळे नेहमीचे आयपीव्ही ६ पत्ते या एका ओळीत येतात. एवढं केल्यावर काउंटरवरच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य मशीनचा पत्ता १९२.१६८ वाला आकडी पत्ता म्हणूनच द्या, म्हणजे दुकानातली जोडणी चुकून आयपीव्ही ६ च्या वाटेने जाऊन अडकणार नाही.

मग जीएसटी आणि ई-वे बिलाचं काय? त्याला तर नेट लागतंच.

लागतं, पण ते हिशेबाच्या प्रोग्रॅमलाच लागतं असं नाही. फायरवॉलच्या नियमाला वेबसाइटचं नाव समजत नाही, आकडी पत्ता समजतो, आणि मोठ्या पोर्टलचे पत्ते बदलत असतात. त्यामुळे "फक्त जीएसटी पोर्टलला जाऊ दे" असा नियम टिकत नाही. त्यापेक्षा प्रोग्रॅममधून जेसन फाइल (पोर्टलला वाचता येईल अशा मांडणीतली फाइल) काढा आणि ब्राउझरमधून पोर्टलवर चढवा. रिटर्न आणि ई-वे बिल दोन्हींसाठी ही सोय आहे. एक पायरी वाढते, पण काय बाहेर जातंय ते तुम्ही स्वतः बघून पाठवता. मला हीच पद्धत पटते. दिवसाला शेकडो बिलं असतील तर मात्र हे परवडणार नाही. तिथे प्रोग्रॅमला नेट द्या आणि तो कुणी बनवला आहे, करार काय आहे, यावर भर द्या.

नियम केला, तरी प्रोग्रॅम नेटवर जातोच. का?

माझ्या पाहण्यात चार कारणं येतात.

पहिलं, वाट बदलली. नियम प्रोग्रॅमला ओळखतो तो फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून. काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटला नवीन फोल्डर करतात, ज्याच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. अपडेट झालं की जुना नियम रिकाम्या जागेवर राखण करत बसतो. पत्त्यात "इथे काहीही चालेल" अशी खूण घालता येत नाही, त्यामुळे अपडेटनंतर नियम बघणं आलंच.

दुसरं, एक प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल नसते. मुख्य फाइल अडवली तरी शेजारची अपडेट करणारी फाइल आणि पाठीमागे चालणारी सर्व्हिस मोकळी राहते. विंडोजचा नियम एका फाइलपासून तिने चालू केलेल्या दुसऱ्या फाइलकडे आपोआप जात नाही. प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली प्रत्येक चालणारी फाइल पाहून तिच्यासाठी वेगळा नियम करा.

तिसरं, अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस संचांत स्वतःची फायरवॉल असते आणि ती बसवली की विंडोजच्या फायरवॉलचं काम ती आपल्याकडे घेते. मग नियम तिथे लिहावा लागतो.

चौथं कारण वर आलंच आहे, आयपीव्ही ६.

एक गोष्ट कारण म्हणून नेहमी सांगितली जाते, पण ती बरोबर नाही: "दुसरा कुठलातरी परवानगीचा नियम असेल, तो वरचढ ठरत असेल." विंडोजमध्ये सर्वसाधारणपणे अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. त्यामुळे परवानग्यांच्या यादीत शोधत वेळ घालवू नका.

चाललंय की नाही ते तपासायचं कसं?

रिसोर्स मॉनिटरमधलं नेटवर्क पान उघडा आणि प्रोग्रॅम वापरा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी बोलतोय ते तिथे दिसतं. अडवलेल्या जोडण्यांची नोंदही ठेवता येते, पण ती मुळात बंद असते. फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉगिंगखाली "लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स" चालू करावं लागतं. निदान पहिले काही दिवस ते चालू ठेवा.

काउंटरवरून मुख्य मशीनचा डेटा उघडतच नाही. आम्ही तर कोणताच नियम केला नाही.

केला असेल, नकळत. नवीन प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट बघू लागतो, तेव्हा विंडोज विचारतं की परवानगी द्यायची का. गडबडीत कुणीतरी कॅन्सल दाबतं. कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारे इनबाउंड नियम स्वतःच लिहून टाकतं आणि पुन्हा विचारत नाही. मुख्य मशीनवर इनबाउंड रूल्समध्ये लाल खुणेचे, त्या प्रोग्रॅमच्या नावाचे नियम शोधा आणि काढा. मग प्रोग्रॅम ॲडमिनच्या खात्यातून उघडून प्रायव्हेट नेटवर्कपुरती परवानगी द्या. दुकानाचं नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलेलं नाही ना, तेही बघा.

कामावरचा मुलगा नियम काढून टाकणार नाही कशावरून?

त्याचं खातं ॲडमिनचं असेल तर तो काढू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या खात्यातून ॲडमिनच्या अधिकाराने चालणारा कुठलाही प्रोग्रॅमसुद्धा काढू शकतो. रोजच्या कामाला साधं खातं करा, ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे ठेवा. यात कामगारावर अविश्वास नाही, उलट उद्या काही घडलं तर त्याच्यावर आळ येत नाही.

नेट तोडलं म्हणजे प्रोग्रॅम आता निर्धोक झाला?

नाही. तीन वाटा उरतात. वेबसाइटचं नाव विचारण्याचं काम विंडोजची स्वतःची डीएनएस सर्व्हिस करते. प्रोग्रॅम अडवलेला असला तरी त्याच्या वतीने ती बाहेर विचारू शकते, आणि त्या नावातूनसुद्धा थोडी माहिती बाहेर नेता येते. दुसरी वाट ब्राउझरची: प्रोग्रॅम ब्राउझर उघडून एखादा पत्ता देऊ शकतो आणि ब्राउझरला तर परवानगी आहेच. तिसरी साधी वाट फाइलची: प्रोग्रॅमने लिहिलेली फाइल दुसऱ्या कुणीतरी पाठवली. मुद्दाम घात करायला आलेल्या प्रोग्रॅमला हा नियम पुरता अडवू शकत नाही. त्याला मशीनवर येऊच देऊ नये. हा नियम नेहमीच्या, पण जरुरीपेक्षा जास्त बोलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे, आणि अशांची संख्याच जास्त असते.

आणखी एक किंमत आहे. अडवलेल्या प्रोग्रॅमला अपडेट मिळत नाहीत. महिन्यातून एक दिवस ठरवून नियम बंद करा, अपडेट घ्या, नियम पुन्हा चालू करा.

डीटीपीचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे. कंपनीला कळू नये म्हणून नेट बंद करून द्याल का?

नाही. बाकी काही बोलण्याआधी हे बघा की क्रॅकची फाइल चालवताना तुम्ही तिला ॲडमिनचा अधिकार दिलेला असतो. तिने तेव्हाच काय करून ठेवलं असेल हे नियमाने सुटत नाही. पैशांची अडचण असेल तर इंकस्केप आणि स्क्रायबस फुकट आहेत, लग्नपत्रिका आणि हँडबिलं त्यांत नीट होतात.

मोबाईलवर, अँड्रॉइडमध्ये, एका ॲपचं नेट बंद करता येतं का?

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कॅमेरा, माइक, ठिकाण यांची परवानगी ॲप विचारतं, त्यामुळे नेटचीही परवानगी आपण दिली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नेटची परवानगी अँड्रॉइड साध्या परवानग्यांत धरतं. ती ॲप बसवतानाच आपोआप मिळते आणि मूळ अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ती काढायला बटण नाही.

सेटिंगमधला "बॅकग्राउंड डेटा" बंद केल्याने ॲप पूर्ण तुटत नाही. ॲप समोर उघडं असलं की ते नेट वापरतंच, आणि ही बंदी मुख्यतः मोबाईल डेटावर असते, नेहमीच्या वाय-फायवर नसते. काही कंपन्या आपल्या फोनमध्ये ॲपनिहाय मोबाईल डेटा आणि वाय-फाय बंद करायची सोय वेगळी देतात. तुमच्या फोनमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर डेटा वापराखाली ती आहे का ते आधी बघा. लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस या अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्यांत असं बटण मुळातच आहे.

बाकीच्यांसाठी नेटगार्ड किंवा रीथिंक यांसारखी मुक्त स्रोत ॲप आहेत. ती फोनच्या आतच एक व्हीपीएन (नेटचा वेगळा बोगदा) उभं करतात, सगळं नेट त्यातून नेतात आणि नको त्या ॲपचं तिथेच गाळतात. फोन रूट करावा, म्हणजे त्याची मूळ बंधनं तोडून पूर्ण ताबा घ्यावा लागत नाही. हे जमतं कारण अँड्रॉइड साधारणपणे प्रत्येक ॲपला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता म्हणून चालवतं, त्यामुळे कोणती जोडणी कुणाची ते कळतं. मर्यादा दोन: एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणून ऑफिसचं व्हीपीएन लागत असेल तर ही युक्ती नाही. आणि बॅटरी वाचवायच्या नादात फोन हे अडवणारं ॲपच बंद करतो, म्हणून त्याला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या आणि व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये "नेहमी चालू" ठेवा. अडवलेल्या ॲपची सूचना तरीही आली तर दचकू नका. ती गूगल प्ले सर्व्हिसेसच्या वाटेने येते.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर कीबोर्डपासून करा. बाहेरून घेतलेला मराठी कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर बघतो. मराठी लिहायला त्याला नेट लागत नाही, लागलंच तर बोलून लिहायला किंवा स्टिकर आणायला लागतं. त्याचं नेट तोडून बघा, लिहिण्यात काही अडतं का ते.

आणि आयफोनमध्ये?

सेटिंगमध्ये मोबाईल डेटाखाली प्रत्येक ॲपचं बटण आहे. आपल्याकडच्या फोनमध्ये वाय-फायसाठी तसं बटण नाही. कीबोर्डच्या बाबतीत मात्र आयफोन कडक आहे. "अलाउ फुल ॲक्सेस" बंद असेल तर बाहेरच्या कीबोर्डला नेट मिळतच नाही. ते बंदच ठेवा.

शाळेच्या संगणक खोलीत उबुंटू आहे. तिथे?

उबुंटू म्हणजे लिनक्सच, आणि लिनक्समधली सोय मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती फाइलच्या पत्त्यावर अवलंबून नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखाद्या प्रोग्रॅमला स्वतंत्र, रिकामं नेटवर्क देऊ शकतो. त्यात ना वाय-फाय असतं, ना केबल. प्रोग्रॅमने पुढे जे काही चालू केलं तेही त्याच रिकाम्या जागेत जन्मतं, त्यामुळे विंडोजमधला "शेजारची फाइल मोकळी राहिली" हा घोळ इथे होत नाही. फायरजेल हा प्रोग्रॅम बसवून त्याला नेट "नन" असं सांगितलं की हेच होतं. ॲप फ्लॅटपॅकमधून (ॲप बसवायची लिनक्सवरची एक पद्धत) घेतलेलं असेल तर फ्लॅटसील हे ॲप उघडा आणि नेटवर्कसमोरचं बटण बंद करा, शिक्षकांनाही हे सहज जमतं. पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिससाठी सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) "प्रायव्हेट नेटवर्क" ही एक ओळ पुरते.

प्रोग्रॅम बाहेर जायला लागला की "हा प्रोग्रॅम विचारतोय, जाऊ देऊ का?" असं समोर यायला हवं असेल तर ओपनस्निच हा प्रोग्रॅम आहे. परीक्षेच्या वेळी मुलांच्या अख्ख्या खात्याचं नेट बंद करायचं असेल, तर आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये वापरकर्त्याच्या नावाने नियम लिहा. खातं बदललं की नेट परत, मशीन तेच.

मॅकबुक आहे, त्यात फायरवॉल दिसते.

ती फक्त आत येणाऱ्या जोडण्या बघते. बाहेर जाणाऱ्यांसाठी लुलू हे मोफत ॲप घ्या.

पुराच्या भीतीने मशीन हलवलं, नंतर फॉरमॅट करावं लागलं. नियम परत कसे आणायचे?

कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की गावभागातल्या आणि पेठेतल्या दुकानांत डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायची सवय २००५ आणि २०१९ च्या पुरांनी लावली आहे. त्या बॅकअपमध्ये फायरवॉलचे नियम नसतात, ते विंडोजमध्ये असतात आणि फॉरमॅटबरोबर जातात. फायरवॉलच्या त्याच खिडकीत ॲक्शनखाली एक्स्पोर्ट पॉलिसी आहे. ती फाइल काढून त्याच पेनड्राइव्हवर, हिशेबाच्या डेटाशेजारी ठेवा. नव्या विंडोजवर इम्पोर्ट पॉलिसी केली की नियम परत येतात, पण तिथले आधीचे सगळे नियम पुसून येतात. म्हणून इम्पोर्ट आधी करा आणि बाकीचे प्रोग्रॅम नंतर बसवा. प्रोग्रॅम पूर्वी ज्या ड्राइव्हवर आणि ज्या फोल्डरमध्ये होते तिथेच बसवा, नाहीतर नियम दिसतील पण लागू होणार नाहीत.